पाचशे बैठका आणि ऐंशी किलोचा बार : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे पॉवरलिफ्टिंगविषयी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या हाताशी अजून बार (वजने अडकवायचा लोखंडी दांडा) आणि प्लेटा नाहीत. आहे ते स्वतःचे शरीर, पेठेतली तालीम किंवा मैदानावरचा लोंबकळण्याचा सिंगल बार. म्हणून या अंकात, केवळ शरीराच्या वजनावर ताकद कमावून पॉवरलिफ्टिंगची तयारी कशी करावी, एवढाच विषय घेतला आहे. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो की यात स्क्वॉट (बार पाठीवर घेऊन खाली बसून उठणे), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलणे) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून सरळ उभे राहणे) असे तीन प्रकार असतात, प्रत्येक प्रकाराला तीन प्रयत्न मिळतात, आणि तिन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज ज्याची सर्वांत जास्त, तो आपल्या वजनगटात जिंकतो.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून शिवाजी पेठेत राहतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून तालमीत जातो. कुस्ती दोन वर्षांपूर्वी सुटली, पण मेहनत सुटलेली नाही. आजही रोज ३०० जोर आणि ५०० बैठका होतात. माझे वजन ७४ किलो आहे. गेल्या महिन्यात पॉवरलिफ्टिंगच्या ओढीने जिममध्ये गेलो, तर ८० किलोचा स्क्वॉट पुरेसा खाली बसून मला दोनदासुद्धा नीट मारता आला नाही, आणि माझ्या निम्मीही मेहनत न करणारा एक मुलगा शेजारी १२० किलो मारत होता. तालमीतली बारा वर्षे वाया गेली असे समजायचे का?

उत्तर : वाया गेलेली नाहीत. मात्र तुम्ही बारा वर्षे ज्याचा सराव केला ते काम आणि जिममध्ये तुमच्याकडून जे मागितले गेले ते काम, ही दोन निराळी कामे आहेत, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

बैठक मारताना गुडघ्याखालचा पाय उचलावा लागत नाही, म्हणजे तुमच्या ७४ किलोंपैकी साधारण ६५ किलोच वर-खाली होतात. पाठीवर ८० किलोचा बार आला की तोच भार १४५ किलोंच्या घरात जातो, आणि हे जादा वजन कमरेपासून दूर, खांद्यांच्या मागे टेकलेले असल्यामुळे पायांइतकीच परीक्षा पाठीची आणि पोटाची होते. जे काम माणूस सलग ५०० वेळा करू शकतो, ते त्याच्या कमाल ताकदीच्या मानाने फार हलके असते. त्यातून दम वाढतो, चिवटपणा येतो, सांधे मुरतात. पण एकाच क्षणी जास्तीत जास्त स्नायुतंतू कामाला लावण्याची सवय मज्जासंस्थेला लागत नाही. जड वजन उचलणे हे बऱ्याच अंशी मज्जासंस्थेचे शिक्षण आहे, आणि नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली प्रगती मुख्यतः या शिक्षणाचीच असते. शेजारच्या मुलाचे ते झाले आहे, तुमचे व्हायचे आहे, एवढाच फरक आहे.

दुसरी गोष्ट टाचेची. तालमीतल्या बैठकीत आपण खाली जातो तेव्हा टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो, गुडघे पुढे सरकतात, हात झोक्याने मागे-पुढे जातात आणि खालून वर येताना त्या झोक्याचा आधार मिळतो. पैलवानाला हे योग्यच आहे, कारण त्याला चवड्यांवर हलके राहायचे असते. पॉवरलिफ्टिंगच्या स्क्वॉटमध्ये मात्र पूर्ण तळवा जमिनीला धरून राहतो, बार तळव्याच्या मध्यावर तोललेला असतो, कंबर मागे आणि खाली जाते, आणि मांडीचा खुब्याजवळचा वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेल्याशिवाय पंच तो प्रयत्न मान्य करत नाहीत. आज रात्री अनवाणी फरशीवर उभे राहून दोन्ही टाचांखाली वर्तमानपत्राची एकेक पट्टी ठेवा, नेहमीसारखी बैठक मारून अगदी तळाशी थांबा आणि घरातल्या कोणाला तरी त्या पट्ट्या ओढायला सांगा. पट्टी अलगद निघून आली, तर तुमचा ८० किलोचा स्क्वॉट का अडला याचे निम्मे उत्तर तुमच्या हातात आले.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. तालमीतून आल्यावर मी जी पहिली स्पर्धा खेळलो, तीत माझे तिन्ही स्क्वॉट खोली कमी पडल्यामुळे बाद झाले. एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न गेले की बेरीजच लागत नाही, त्यामुळे पुढच्या दोन प्रकारांत काहीही केले तरी क्रमांक मिळणे शक्य नव्हते. पायांत ताकद होती, पण त्या तळाच्या सहा इंचांत टाच टेकवून मी कधी उभाच राहिलो नव्हतो.

खाशाबा जाधवांचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते. राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी तांबड्या मातीत तयार झाला, आणि १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तेव्हा मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम या दोन्ही गोष्टी त्याला नव्या होत्या. तरीही तो सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याने ब्राँझपदक मिळवले. मातीतली ताकद मॅटवर वापरायला शिकावे लागते. तुमचेही तसेच आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. बैठकांची संख्या वाढवू नका. बैठक अवघड करा. पहिले तीन आठवडे टाचा टेकवून, खाली जायला ४ सेकंद घेऊन, तळाशी २ सेकंद पूर्ण थांबून आणि हातांचा झोका न घेता बैठक मारा. एका सेटमध्ये १० याप्रमाणे पाच सेट पुरेत. घोट्यांच्या ताठरपणामुळे टाच राहत नसेल, तर पाय थोडे अधिक रुंद ठेवून चवडे बाहेर वळवा आणि रोज भिंतीसमोर गुडघा पुढे नेऊन घोटा मोकळा करा. त्यानंतर मागचा पाय पायरीवर किंवा बाकावर ठेवून पुढच्या एका पायाची बैठक सुरू करा, प्रत्येक पायाला ६ ते ८ वेळा. ती सोपी वाटू लागली की खुर्चीवर एका पायाने सावकाश बसून त्याच पायाने उठा, आणि खुर्चीची जागा हळूहळू बुटक्या स्टुलाला द्या. दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती घ्या. तालमीत मेहनत करताना मध्ये थांबणे बरे दिसत नाही हे मला ठाऊक आहे, पण इथे उद्देश दम लागण्याचा नसून प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीने काम होण्याचा आहे.

श्वासाचीही पद्धत बदलावी लागेल. बैठकांच्या लयीत श्वास आपोआप आत-बाहेर होतो. जड स्क्वॉटमध्ये मात्र उभे असतानाच पोट भरून श्वास घ्यायचा, पोट चारही बाजूंनी घट्ट करायचे, तो श्वास धरून खाली जायचे आणि वर येताना अवघड टप्पा पार झाल्यावरच सोडायचा. या धरलेल्या श्वासामुळे कण्याला आधार मिळतो. त्याने रक्तदाबही काही क्षण वाढतो, म्हणून ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

जिमही सोडू नका. आठवड्यातून दोनदा जा, २० किलोच्या रिकाम्या बारपासून सुरुवात करा आणि खोली पूर्ण राहत असेल तरच प्रत्येक वेळी २.५ ते ५ किलो वाढवा. सकाळचे ५० जोर आणि ५० बैठका अंग गरम करण्यासाठी जरूर ठेवा. ती सवय मोडावी असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. वय २७, वजन ६६ किलो. बारा तासांची पाळी असल्यामुळे आणि जिमची फी परवडत नसल्यामुळे पुढचे पाच महिने तरी घरी आणि मैदानावरच व्यायाम करावा लागेल. मैदानावर सिंगल बार आणि डबल बार आहेत. पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरण्याची इच्छा आहे. पुशअप्स आणि बैठका समजतात, पण डेडलिफ्टची तयारी बारशिवाय कशी करायची? आणि बारकडे नेमके केव्हा वळावे?

उत्तर : तुमचा प्रश्न नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा आहे. शरीराच्या वजनावर स्क्वॉटची आणि बेंच प्रेसची तयारी पुष्कळ होते. डेडलिफ्टची मात्र अर्धवटच होते, कारण जमिनीवरून उचलण्याजोगे काही हातात नसले तर पाठीवर आणि पकडीवर तो विशिष्ट ताण येतच नाही. म्हणून सोपे आधी सांगतो आणि अवघडाकडे सावकाश येतो.

साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो आणि तळाशी तो तीन-चतुर्थांशांकडे जातो; तुमच्या बाबतीत हे ४५ ते ५० किलो झाले. तेव्हा २० पुशअप्स सहज होत असतील, तर चाळिसाच्या मागे न लागता पाय पायरीवर ठेवा, नंतर पाठीवरच्या सॅकमध्ये ५ किलो वाळू घाला, मग १० किलो. बेंच प्रेसमध्ये बार छातीवर पूर्ण स्थिर झाल्यावर पंच 'प्रेस' असा हुकूम देतात आणि त्यानंतरच तो वर ढकलता येतो. त्यामुळे प्रत्येक पुशअपच्या तळाशी छाती जमिनीला न टेकवता पूर्ण एक सेकंद थांबण्याची सवय आजपासून लावा. तालमीतला जोर मला प्रिय आहे, पण त्यात शरीर कमानीसारखे पुढे सरकते आणि बेंचवर तसे होत नाही. म्हणून जोर खांदे मोकळे करण्यासाठी ठेवा आणि ताकदीसाठी सरळ पुशअप मारा. डबल बारवर डिप्स मारताना, म्हणजे दोन्ही हातांवर अंग तोलून खाली-वर होताना, दंड जमिनीला समांतर होईल इतकेच खाली जा. त्याहून खाली जाऊन खांद्याचा पुढचा भाग दुखावून बसलेली मुले मी दर हंगामात पाहतो.

सिंगल बारवरच्या पुल-अप्सना स्पर्धेत गुण नसतात, पण स्क्वॉटचा बार जिथे टेकतो, बेंचवर जो भाग घट्ट आवळून धरावा लागतो आणि डेडलिफ्टमध्ये जो भाग बार अंगाजवळ ठेवतो, तो पाठीचा वरचा पट्टा पुल-अप्सनीच तयार होतो. सैन्यभरतीत १० पुल-अप्सना पूर्ण गुण असल्यामुळे आपल्याकडे मैदाने आणि बार दोन्ही गजबजलेले असतात, आणि तिथे पायांचा हिसका देऊन हनुवटी वर नेण्याची युक्तीही मुले एकमेकांना शिकवतात. तुम्ही ती शिकू नका. हात पूर्ण सरळ करून लोंबकळा, हिसका न देता वर जा आणि ३ सेकंद घेऊन खाली या. असे ५ झाले तरी ते मोलाचे आहेत.

आता डेडलिफ्ट. त्याचा प्राण आहे खुब्यातून वाकणे. आपण बहुतेक जण कमरेतून, म्हणजे पाठीचा कणा गोल करून वाकतो. एक सरळ काठी घ्या, ती पाठीवर उभी धरा. ती डोक्याच्या मागच्या बाजूला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित सैल ठेवून, पाठीमागचे दार बुडाने ढकलून लावायचे आहे अशा रीतीने कंबर मागे न्या. तिन्ही ठिकाणचा स्पर्श न सुटता मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या की तिथे थांबा. काठी माकडहाडापासून सुटली, तर तुमची पाठ गोल झाली असे समजा. हा सराव इतका साधा आहे की लोक तो दोन दिवसांत सोडून देतात. तुम्ही तो दोन महिने करा.

ते जमल्यावर हेच वाकणे एका पायावर करा, दुसरा पाय मागे सरळ ठेवून. खाटेच्या कडेला खांदे टेकवून, आधी दोन आणि मग एका पायावर कंबर उचला आणि वर ३ सेकंद धरा. फरशी गुळगुळीत असेल तर उताणे झोपून टाचांखाली फडके घ्या, कंबर उचलून ठेवा आणि टाचा सावकाश लांब सरकवून पुन्हा जवळ ओढा. मांडीच्या मागच्या स्नायूंना यापेक्षा कडक आणि फुकटचा व्यायाम मला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी ५ वेळासुद्धा जड जाईल.

आणि ओढण्यासाठी घरातली जुनी सुती साडी घ्या. तिची जाड घडी करून दोन्ही पायांखाली दाबा, दोन्ही टोके गुडघ्यांच्या उंचीवर मुठीत घट्ट गुंडाळा, डेडलिफ्टच्या पवित्र्यात पाठ सरळ करा आणि साडी फाडायची असल्यासारखे वर ओढा. साडी हलणार नाही, पण तुम्ही लावाल तितका जोर ती परत देईल, मग तो ४० किलोंचा असो वा १४० किलोंचा. पहिल्या सेकंदात हिसका न देता जोर चढवत न्या, ५ सेकंद पूर्ण ताकदीने धरा, एक मिनिट थांबा, आणि असे ५ वेळा करा. वजन न हलवता मज्जासंस्थेला जड भाराची ओळख करून देण्याचा हा उत्तम मार्ग आहे. पकडीसाठी सिंगल बारला नुसते लोंबकळा. ३० सेकंदांपासून ६० सेकंदांपर्यंत जा.

शक्य असल्यास वाळूचे एक पोतेही मिळवा. काटेकोरपणे पाहिले तर हा शरीराच्या वजनाचा व्यायाम नव्हे, पण २५ किलोंचे पोते जमिनीवरून कवेत घेऊन उभे राहणे हा डेडलिफ्टचा अगदी जवळचा नातलग आहे. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, हलवणाऱ्या हमालांना एकदा जाऊन पाहा. ओझे अंगाला चिकटवल्याशिवाय त्यांतला जुना माणूस ते उचलतच नाही, आणि बार नडगीला लागून वर न्यायचा हा डेडलिफ्टचा पहिला धडा तेच सांगतो.

बारा तास उभे राहून काम करणाऱ्याने रोज व्यायाम करू नये. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी पाऊण तास पुरे. प्रत्येक दिवशी एक पायांचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा आणि एक खुब्याचा प्रकार घ्या, प्रत्येकी ३ ते ५ सेट, आणि प्रत्येक सेट आणखी एक-दोन वेळा करता आले असते अशा जागी थांबवा. तीन आठवडे सातत्याने अवघडपणा वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे करा, कारण स्नायू लवकर तयार होतात आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात. गुडघ्याची आणि कोपराची बरीचशी दुखणी या तफावतीतून येतात. रात्रपाळीच्या आठवड्यात व्यायाम झोपेच्या आधी न ठेवता उठल्यानंतर ठेवा. एक वही करा आणि तीत तारीख, प्रकार, सेट आणि किती सेकंद थांबलात हे लिहा. आठवणीवर चालणारी मेहनत दोन महिन्यांत त्याच त्या जागी फिरू लागते.

बारकडे केव्हा वळावे याला शास्त्रीय रेषा नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांसाठी मी ठेवलेले माप सांगतो. खुर्चीवर एका पायाने बसून उठणे प्रत्येक पायाला ५ वेळा, तळाशी थांबून २० पुशअप्स, १० डिप्स, हिसका न देता ८ पुल-अप्स, ६० सेकंद लोंबकळणे आणि काठीचे तिन्ही स्पर्श न सुटता दहा वेळा वाकणे. एवढे झाले, की बार हातात घेतल्यावर दुखापतीची भीती कमी आणि प्रगतीचा वेग जास्त असतो. परंतु यांतले एखादे माप राहिले म्हणून अडून बसू नका. स्पर्धेपूर्वी किमान चार महिने खऱ्या बारवर सराव झालाच पाहिजे. त्याला पर्याय नाही. पैसे जपून ठेवायचे असतील तर ते त्या चार महिन्यांसाठी जपा. पंचांचे हुकूम, रॅकवरून बार काढणे, मोठे वजन अंगावर घेतल्यावर मनाचा होणारा थरकाप आवरणे, या गोष्टी पुशअप्स शिकवू शकत नाहीत.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, वय ४१. मुलगा जिममध्ये जातो, त्याच्या स्पर्धा पाहून मलाही उत्सुकता वाटू लागली. पण मला एकही पुशअप जमत नाही, आणि या वयात सुरुवात करणे लोकांना हास्यास्पद वाटेल अशी धास्ती आहे. घरच्या घरी काही करता येईल का?

उत्तर : ताई, या खेळात ४० वर्षांपासून पुढच्या स्पर्धकांसाठी मास्टर्स हा स्वतंत्र गट आहे, आणि त्यात ७० च्या पुढच्या वयोगटापर्यंत स्त्रिया खेळतात. तेव्हा तुम्ही उशिरा नव्हे, तर तुमच्या गटाच्या अगदी आरंभी आला आहात.

पुशअप जमत नसेल तर गुडघे टेकवण्याऐवजी हात उंचावर ठेवा. गुडघे टेकले की भार कमी होतो हे खरे, पण पोट आणि कंबर यांना शरीर एका रेषेत धरण्याचे काम उरत नाही, आणि आपल्याला तेच तर हवे आहे. स्वयंपाकघराचा ओटा कोरडा पुसून घ्या, त्याच्या कडेवर हात ठेवा, पाय मागे घ्या आणि छाती ओट्यापर्यंत नेऊन परत या. ८ वेळा तीन सेट स्वच्छ होऊ लागले की ओट्याऐवजी भिंतीला टेकवलेला दिवाण, मग जिन्याची दुसरी पायरी, मग पहिली पायरी, आणि शेवटी जमीन. शेवटच्या टप्प्यावर वर न येता केवळ ५ सेकंद घेऊन खाली जाण्याचाही सराव करा. या प्रवासाला चार ते सहा महिने लागले तर ते अगदी स्वाभाविक आहे. बैठकीसाठी खुर्ची आणि खुब्यासाठी वर सांगितलेली काठी तुम्हालाही तशीच लागू आहे.

तुमच्या वयात या व्यायामाचे आणखी एक मोल आहे. पाळी थांबल्यानंतर हाडांची घनता वेगाने घटू लागते, आणि भार देणारा व्यायाम ती घट रोखायला मदत करतो. अंग पुरुषी दिसू लागेल अशी शंका अनेक जणी विचारतात. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांच्या मानाने फार कमी असल्यामुळे तसे होत नाही. मात्र उडी मारताना, खोकताना किंवा जोर लावताना लघवी निसटत असेल, तर ते बाळंतपणानंतरचे नेहमीचेच म्हणून सोडून देऊ नका. फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, आणि मगच श्वास धरून जड वजन उचला.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. वजन उचलल्याने उंची खुंटते असे गडहिंग्लजमध्ये सगळेच सांगतात. त्याला पॉवरलिफ्टिंग करू द्यावे का? आणि हे ऑलिंपिकमधलेच वेटलिफ्टिंग ना?

उत्तर : उंची खुंटते याला आधार नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि चुकीच्या पद्धतीने किंवा आवेशाने उचललेल्या वजनामुळे तिला इजा होऊ शकते, एवढे खरे. म्हणून जाणकार प्रशिक्षकाची देखरेख हवी आणि एका वेळचे कमाल वजन आजमावण्याची घाई नको. या खेळात सब-ज्युनिअर गट १४ ते १८ वर्षांचा असतो, त्यामुळे वयाची अडचण नाही. तरीही पहिले सहा महिने त्याला पुशअप्स, पुल-अप्स, दोरी चढणे आणि जमल्यास मल्लखांब करू द्यावा. मल्लखांबावर तयार झालेल्या मुलांची पकड आणि पोट पाहून मला नेहमी समाधान वाटते.

वेटलिफ्टिंग हा वेगळा खेळ आहे. त्यात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोन प्रकार असून वजन डोक्यावर न्यावे लागते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवले ते वेटलिफ्टिंगमध्ये. पॉवरलिफ्टिंगचा ऑलिंपिकमध्ये समावेश नाही. पॅरालिंपिकमध्ये मात्र त्यातला बेंच प्रेस हा प्रकार खेळला जातो.

प्रश्न : मी कसबा बावड्याचा. वय २२, वजन ७० किलो. रोज सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर एक लिटर धारोष्ण दूध पितो, शिवाय आठवड्यातून दोनदा मटण. तरी ताकद वाढण्याचा वेग कमी वाटतो. ओळखीच्या एकाने काही इंजेक्शने सुचवली आणि त्यांतली दोन मी घेतली आहेत. पुढे चालू ठेवावीत का?

उत्तर : आधी खुराकाचे सांगतो. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास. म्हशीच्या एक लिटर दुधातून ३५ ते ४० ग्रॅम मिळतात, पण सोबत ६०-७० ग्रॅम स्निग्धांशही येतो, त्यामुळे ते दिवसभरात दोनदा विभागून घ्या. कट्ट्यावरचे धारोष्ण दूध हा आपल्या शहराचा जिव्हाळ्याचा विषय आहे, तरी न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. दूध तेच घ्या, पण घरी नेऊन उकळून प्या. मटणाच्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा कितीही वाट्या घेतला तरी प्रथिने मुख्यतः फोडींतच असतात. उरलेल्या दिवशी ४ अंडी म्हणजे २४ ग्रॅम, १०० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे २५ ग्रॅम, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, आणि दोन वेळची घट्ट आमटी, एवढ्यात हिशेब पुरा होतो. क्रिएटिन ही ताकदीसाठी घेतली जाणारी पूरक पावडर रोज ३ ते ५ ग्रॅम घेणे निरोगी माणसाला सुरक्षित आहे. बाकीचे महागडे डबे नाही घेतले तरी चालेल.

इंजेक्शने आजपासून बंद करा. त्यांचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, पण जिममध्ये अशा प्रकारे हातोहात दिली जाणारी इंजेक्शने बहुतांशी ॲनाबॉलिक स्टेरॉइड असतात. त्यांनी शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉन-निर्मिती दबते, शुक्राणूंची संख्या घटते, रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडते आणि हृदयाच्या स्नायूवर परिणाम होतो. उत्तेजक चाचणीत सापडल्यास पहिल्याच वेळी चार वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते, म्हणजे तुमच्या वयात अख्खा उमेदीचा काळ. तुम्ही दोनच घेतली आहेत आणि विचारण्याचे धैर्य दाखवले आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. याच आठवड्यात एखाद्या फिजिशियनकडे जा, बाटलीवरचे नाव आणि घेतल्याच्या तारखा जशाच्या तशा सांगा, आणि रक्तदाब, यकृत, रक्तातील चरबी व हार्मोन यांच्या तपासण्या करून घ्या. सुई दुसऱ्या कोणासोबत वापरली असेल तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांच्याही तपासण्या करा. घरी सांगणे जड जात असेल तर आपल्या वस्तादांना किंवा प्रशिक्षकांना सोबत घेऊन जा, पण तपासणी पुढे ढकलू नका.